जुन्या गाडीत नवा रेडिओ: गाडी आमच्याकडे सोडण्याआधी हे वाचा

पुण्यात मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका, एखादी पद्मिनी जीव लावून सांभाळणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या कुणाचा ना कुणाचा मुलगा अमेरिकेत असतोच. मग तिकडून सॅटेलाइट रेडिओचा डबा येतो आणि आम्हा गाडीत रेडिओ बसवणाऱ्यांना विचारणा होते, ‘एवढा बसवून द्या.’

सीरियसएक्सएम या तिकडच्या सॅटेलाइट रेडिओ कंपनीचा तो डबा दिसायला झकास, पण इथे मुका. त्याची सेवा उत्तर अमेरिकेपुरती आहे. तिकडे वर्गणी भरली तरी इकडे काही ऐकू येणार नाही. आपल्याकडे वर्ल्डस्पेसचा उपग्रह रेडिओ होता, तोही ३१ डिसेंबर २००९ ला बंद झाला. त्याचे संच माळ्यावरून काढून आणू नका. डॅशबोर्डवर बसवून देता येतील, वाजवून देता येणार नाहीत.

तिकडचा साधा कार स्टिरिओ मात्र वाजतो, पण त्यातही एक मेख आहे. अमेरिकेत एफएमची स्टेशनं विषम दशांशावरच असतात, त्यामुळे तिथला सेट १००.९ वरून थेट १०१.१ वर उडी मारतो. आपली पुण्याची विविध भारती १०१.० वर, म्हणजे नेमकी मधे राहते. मीडियम वेव्हवर तो दहा-दहाने सरकतो, आपल्याकडे नऊ-नऊने. आकाशवाणी पुण्याचं ७९२ त्याला कसं सापडणार? बऱ्याच सेटमध्ये देश बदलायची सोय मेन्यूत किंवा तळाशी बारीक बटणाच्या रूपात असते. ती नसेल तर तो सेट बसवू नका, असं आम्ही तोंडावर सांगतो.

खरं काम डॅशबोर्डच्या मागे असतं. आधीच्या मालकांच्या हौसेचा गुंता तिथे टेपपट्टीत गुंडाळलेला सापडतो. पिवळी वायर थेट बॅटरीवरून हवी, लाल चावीवर, काळी अर्थला. दोन्ही चावीवर जोडल्या तर गाडी बंद केली की सेट स्टेशनं विसरतो. दोन्ही बॅटरीवर जोडल्या आणि सेट बंद करायचा राहिला, तर लग्नाला गावी जाऊन आल्यावर गाडीला धक्का मारावा लागतो. काही जुन्या गाड्यांत स्पीकरची एक वायर सरळ बॉडीला दिलेली असते. आजच्या सेटला ती तशीच जोडली तर त्याचा अँप्लिफायर जळू शकतो. अशा गाडीत आम्ही स्पीकरपर्यंत नवी वायर ओढतो. त्याचे पैसे वेगळे, आणि ते आधी सांगूनच.

सेट बसला की इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून, रेस देऊन ऐकतो. रेसबरोबर शिट्टी चढत गेली तर बहुधा अर्थिंग कच्चं किंवा अल्टरनेटरचा त्रास. टकटक आली तर प्लग आणि त्यांच्या वायरी बघायच्या. एरियलची पिन काढल्यावर आवाज थांबला तर तो एरियलमधून येतोय. मग तिच्या बुडाशी गंज आहे का ते पाहतो. बऱ्याचदा असतोच, आणि नवी एरियल घेण्याआधी तो खरवडून बघावा.

डॅशबोर्ड कापायचा नसेल (पद्मिनीचा तर आम्ही कापतच नाही) तर सेट ग्लव्ह बॉक्समध्ये बसतो. लायटरमध्ये खोचायचा, फोनवरची गाणी रेडिओवर ऐकवणारा एफएम ट्रान्समीटर स्वस्त आहे, पण शहरात ९१.१, ९३.५, ९४.३, ९५, ९८.३ अशी गर्दी असल्याने रिकामी जागा शोधावी लागते, आणि सिग्नलला थांबलात की शेजारच्या गाडीतलं गाणंही मधे घुसू शकतं. आमचं मत विचाराल तर थोडे पैसे वाढवून ब्लूटूथचा सेट घ्या.

येताना सेटची पेटी आणि कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा जोड) आणा, बॅटरी किती जुनी आहे ते सांगा. सेटला कोड असेल तर तोही हवा; वायर काढल्यावर काही सेट कोडशिवाय सुरू होत नाहीत. काढलेला जुना सेट आणि पट्ट्या पिशवीत घालून परत देतो. टाकू नका, गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक तेच मागतं.