महिनाभराच्या भटकंतीला महिनाभराचे कपडे?

‘जितके दिवस, तितकी मोठी सॅक’ हे गणित पुण्यातल्या घराघरांत अजून चालतं. पोरगी महिनाभर हिमाचलला निघाली की तिला ७० लिटरची सॅक घेऊन दिली जाते. गणितच चुकीचं आहे. दिवस वाढले की वाढतात ती रोजची औषधं, आणि वाटेत दुकान नसेल तर शिधा. कपडे धुता येतात. पाच-सहा दिवसांचे जोड तीन महिन्यांनाही पुरतात. थंडी मात्र सामान वाढवते, ते खरं.

खरी मेख कापडात आहे. पॉलिस्टरचा टी-शर्ट धुऊन पिळा, कोरड्या पंच्यात गुंडाळून पुन्हा पिळा आणि पंख्याखाली टाका. सकाळी अंगात घालता येतो. जीन्स दुसऱ्या दिवशीही कमरेपाशी ओलसरच, शिवाय जड. ‘टिकाऊ असते हो’ म्हणणाऱ्यांपुढे हात टेकले!

निघण्याआधी भरलेली सॅक पाठीला लावून अतकरवाडीकडून सिंहगड चढून या. काय काढायचं ते अर्ध्या वाटेत कळतं. विमानाने जाणार असाल तर देशांतर्गत उड्डाणांत हातातल्या सामानाला साधारण ७ किलोची मर्यादा असते. तेवढ्यात बसवणार असाल तर चाकू घरीच ठेवा.