ए तार का घुमते?

महिनाभर रात्री जागून मी गिटारवर एक तीन मिनिटांची धून घरीच रेकॉर्ड केली. एकच अकूस्टिक गिटार, एक माइक, आणि मिक्स, म्हणजे आवाजांचा समतोल साधलेलं रेकॉर्डिंग, ऐकायला टेबलावर दोन स्पीकर. झाल्यावर तिघांना पाठवली, तिघंही वाजवणारे. पुण्यातल्या मैत्रिणीने अर्ध्या तासात कळवलं, "छान झालंय, मला काहीच खटकलं नाही." म्हापशाचा मित्र लग्नाच्या बँडमध्ये बेस वाजवतो. तो म्हणाला, "ए वर आलास की घुमतंय. तेवढं बघ." आणि आमच्या सोसायटीतले एक काका, ज्यांनी तरुणपणी ऑर्केस्ट्रात हवाइयन गिटार वाजवली, ते म्हणाले, "सूर चांगला लागलाय रे, पण मधेच चीं होतं आणि लक्ष तिकडेच जातं."

फाइल एकच आणि निकाल तीन. ज्याची त्याची आवड, असं म्हणून मी ते सोडून दिलं असतं. पण मित्राने एका तारेचं नाव घेतलं होतं, आणि तक्रार इतकी नेमकी असली की ती मोजून बघता येते. मी मोजमापाची टेप काढली.

गिटारची पाचवी तार, म्हणजे ए, मोकळी छेडली की सेकंदाला 110 वेळा कंप पावते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 345 मीटर जातो. भागाकार केला की त्या सुराची तरंगलांबी येते 3.1 मीटर, म्हणजे दहा फुटांच्या किंचित वर. माझी खोली दहा बाय बारा. टेबल एका लांब भिंतीला लावलेलं, समोरची भिंत माझ्या पाठीमागे, दोन्ही भिंतींत अंतर दहा फूट. ए चा एक अख्खा तरंग त्या अंतरात जवळजवळ बरोबर मावतो.

असं झालं की भिंतीवर आपटून परतणारा आवाज आणि नव्याने येणारा आवाज एकमेकांवर चढून हवेत एक ठाम आकृती तयार होते. तिला स्थिर तरंग म्हणतात. भिंतींपाशी आणि बरोबर मध्यावर तो सूर दणदणीत ऐकू येतो, आणि प्रत्येक भिंतीपासून पाव अंतरावर, म्हणजे अडीच फुटांवर, जवळजवळ नाहीसा होतो. ए चा आवाज स्पीकरवर सलग लावून मी खोलीत एकेक पाऊल मागे गेलो. सूर भरत गेला, मध्यावर छातीत जाणवला, पुढे परत पातळ झाला. हा प्रयोग प्रत्येकाने एकदा करावाच. आवाज हवेत "जागा" धरून बसतो, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि दोन पावलांत अनुभवणं वेगळं.

मग खुर्चीत बसून टेबलापलीकडच्या भिंतीपासून कानापर्यंतचं अंतर मोजलं. अडीच फूट.

तिथे बसून मला महिनाभर ए कमी ऐकू येत होती, म्हणून मी इक्वलायझरवर (वेगवेगळ्या सुरांचा आवाज कमी-जास्त करायचं साधन) 110 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 110 कंपांच्या, आसपास पाच डेसिबल चढवले होते. खोलीतला खड्डा मी फाइलमध्ये भरत होतो. फाइल गोव्याला गेली, खड्डा माझ्याच खोलीत राहिला. मित्राच्या हेडफोनमध्ये उरला तो नुसता भराव.

त्यात गिटारचीही भर. अकूस्टिक गिटारच्या पोटातली हवा साधारण 100 हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर ती जशी हुंकारते, तसंच हे. मी माइक थेट गिटारच्या गोल भोकासमोर, चार बोटांवर ठेवला होता. एका दिशेने ऐकणारे माइक इतक्या जवळ नेले की खालचे सूर आणखी फुगवतात. वाजवणाऱ्याला हे कळत नाही, कारण भोक समोर तोंड करून आहे आणि आपला कान वरच्या बाजूला.

रात्रीचाही हात होताच. शेजारी झोपलेले, म्हणून मी बारीक आवाजात मिक्स करायचो. 1933 साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी माणसाचा कान कोणत्या सुराला किती दाद देतो हे मोजलं. आजच्या प्रमाणित आलेखानुसार 1000 हर्ट्झचा सूर 40 डेसिबलवर असेल, तर 100 हर्ट्झचा सूर तितकाच मोठा वाटायला सुमारे 24 डेसिबल जास्त लागतात. तोच वरचा सूर 80 डेसिबलवर नेला की फरक साधारण 12-13 वर येतो. म्हणजे आवाज बारीक केला की खालच्या तारा आधी हरवतात, आणि रात्री केलेल्या मिक्समध्ये हात आपोआप खालच्या सुरांकडे वळतो.

मैत्रिणीला हे का खटकलं नाही? तिने मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं होतं. तो चिमुकला स्पीकर 110 हर्ट्झ जवळपास काढतच नाही. तरीही तिला ए ऐकू आली, आणि मला या सगळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. तार एकाच सुरात कंप पावत नाही. 110 सोबत 220, 330, 440 असे वरचे सूरही निघतात. मेंदूला एवढी रांग मिळाली की तिच्यातलं समान अंतर ओळखून तो मूळ 110 चा सूर स्वतः उभा करतो. तिच्या मोबाइलमधून मूळ सूर गेला होता आणि त्याच्याबरोबर माझी चूकही गेली होती.

काकांचं "चीं" मात्र फाइलमध्ये होतंच. जाड तारांवर बारीक तार गुंडाळलेली असते. कंगव्यावरून नख ओढावं तसं बोट त्या वेढ्यांवरून सरकतं. वेढे अर्ध्या मिलिमीटरवर आहेत आणि बोट सेकंदाला एक मीटर वेगाने गेलं असं धरलं, तर सेकंदाला 2000 वेढे ओलांडले जातात. तेवढ्या वारंवारतेचा आवाज उमटतो, आणि 2000 ते 5000 हर्ट्झ या टापूतच आपला कान सर्वांत तिखट असतो. मला तो का बोचला नाही? कारण हात माझा होता. स्वतःच्या हालचालीतून निघणारा आवाज मेंदूला आधीच अपेक्षित असतो, आणि त्याला तो कमी दाद देतो. शिवाय तो टेक, म्हणजे ते रेकॉर्डिंग, मी पन्नासदा तरी ऐकला होता. काकांनी एकदाच ऐकला.

आता पाठवताना मी दोन गोष्टी पाळतो. कशावर ऐकलं ते प्रत्येकाला आवर्जून विचारतो, कारण त्याशिवाय अभिप्रायाचा अर्थच लागत नाही. आणि जुनी-नवी प्रत तुलनेला द्यायची तर दोन्हींचा आवाज सारखा करून देतो. थोडी मोठी वाजणारी प्रत कानाला उगाच सरस वाटते.

खुर्ची दीड फूट मागे घेतली, ते पाच डेसिबल काढून टाकले, माइक गिटारच्या दांडीवरच्या बाराव्या आडव्या पट्टीसमोर (फ्रेट) फूटभर लांब ठेवला. जागा बदलताना बोट सरकवण्याऐवजी उचलायची सवय करतोय, तिला वेळ लागेल. नवा टेक गोव्याला पाठवला. उत्तर आलं, "ए बसली. आता डी जास्त वाटतेय रे."

डीला, म्हणजे चौथ्या तारेला, मी तीन डेसिबल दिले होते. पुन्हा टेप काढली. डी 147 हर्ट्झ, तरंगलांबी 2.35 मीटर. खोलीच्या बारा फुटांच्या बाजूने तिचे जवळजवळ दीड तरंग मावतात, दीड तरंगांचा एक खड्डा बरोबर मध्यावर पडतो, आणि माझी खुर्ची दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून सहा-सहा फुटांवर आहे.