ओक्लाहोमा सिटीचा १९०७ फुटी मनोरा आणि वाऱ्याचा हिशेब

अमेरिकेतली सर्वांत उंच इमारत कुठे होणार, असं विचारलं तर कुणीही न्यूयॉर्क म्हणेल, फार तर शिकागो. पण जून २०२४ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या नगर परिषदेने ब्रिकटाउन भागातल्या एका भूखंडावरची उंचीची मर्यादाच काढून टाकली. तिथे एका विकासकाला १९०७ फूट, म्हणजे ५८१ मीटर उंचीचा ‘लेजंड्स टॉवर’ उभारायचा आहे. ओक्लाहोमाला राज्याचा दर्जा १९०७ साली मिळाला, म्हणून १९०७ फूट. न्यूयॉर्कच्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटरची १७७६ फूट उंचीही स्वातंत्र्याच्या सालावरूनच आली होती. हा मनोरा खरोखर झाला, तर तो अमेरिकेत पहिला आणि आजच्या यादीत जगात सहावा ठरेल.

आणि हे शहर केवढं? २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ६ लाख ८१ हजार. क्षेत्रफळ मात्र सुमारे १६०० चौरस किलोमीटर. बृहन्मुंबई त्यात दोनदा मावेल आणि तरी जागा उरेल. आज तिथली सर्वांत उंच इमारत म्हणजे २०१२ साली पूर्ण झालेलं डेव्हन एनर्जी सेंटर: ५० मजले, ८४४ फूट. एकदम त्याच्या सव्वादोन पट उडी घ्यायची आहे.

बातमी आल्यापासून तिच्यावरची चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते आहे: टोर्नाडो आला तर? शंका स्वाभाविक आहे. शहराला लागूनच असलेल्या मूर या उपनगरात ३ मे १९९९ रोजी जो टोर्नाडो आला, त्यातल्या वाऱ्याचा वेग रडारने ताशी ४८० किलोमीटरच्या वर मोजला होता. २०१३ मध्ये मूर पुन्हा उद्ध्वस्त झालं. पण माझ्या मते या मनोऱ्याची खरी परीक्षा टोर्नाडोत नाही. ती मार्च-एप्रिलमधल्या अगदी नेहमीच्या वाऱ्यात आहे.

आधी टोर्नाडोचं आटोपून घेऊ. उंच इमारतींना टोर्नाडोने गाठल्याची उदाहरणं आहेत. ११ मे १९७० रोजी टेक्सासमधल्या लबक शहरात सर्वोच्च श्रेणीचा टोर्नाडो शिरला. २६ माणसं गेली. तिथली २० मजली पोलादी सांगाड्याची ग्रेट प्लेन्स लाइफ इमारत त्याच्या तडाख्यात सापडली, कायमची थोडी पिळवटली गेली, पण उभी राहिली. आजही उभी आहे. २८ मार्च २००० रोजी फोर्ट वर्थच्या मध्यभागी ३५ मजली बँक वन टॉवरच्या काचांचा चुराडा झाला, कित्येक महिने खिडक्यांवर प्लायवूड ठोकलेलं होतं. सांगाडा मात्र शाबूत होता आणि पुढे त्याच इमारतीत लोक राहायला आले. टोर्नाडो काचा फोडतो, छतं उडवतो, लाकडी घरं जमीनदोस्त करतो. पण एका ठिकाणी त्याचा सर्वाधिक जोर काही सेकंदच टिकतो, आणि तेवढ्यातही वाऱ्याची दिशा फिरत राहते. उंच, जड, संथ झुलणाऱ्या सांगाड्याला लय पकडायला तेवढा वेळ पुरत नाही.

टोर्नाडो मोठ्या शहरांत शिरतच नाहीत, टेकडी किंवा नदी त्यांना अडवते, असंही अमेरिकेच्या त्या टोर्नाडोप्रवण पट्ट्यात अनेक जण मानतात. कॅन्ससमधल्या टोपेका शहराला बर्नेट्स माउंड नावाची टेकडी राखते अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा होती. ८ जून १९६६ रोजी टोर्नाडो नेमका त्याच टेकडीवरून उतरून शहरात घुसला. शहराचं क्षेत्रफळ राज्याच्या मानाने लहान असतं, म्हणून तिथे तडाखा क्वचित बसतो. एवढं साधं संभाव्यतेचं गणित आहे. त्यात संरक्षक दैवत शोधायचं कारण नाही.

आता वाऱ्याकडे येऊ. यात विज्ञान इतकं सुंदर आहे की थोडं रेंगाळणारच.

वारा इमारतीला मागे ढकलतो, हे आपल्याला सहज पटतं. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि जमिनीपासून वर जावं तसा वेगही वाढतो. समजा, दाब सगळीकडे सारखा आहे आणि इमारतीचा आडवा छेद बदलला नाही. तरीसुद्धा पायाशी येणारा वाकवण्याचा जोर उंचीच्या वर्गाने वाढतो आणि माथ्याचं सरकणं उंचीच्या चौथ्या घाताने. डेव्हनपेक्षा सव्वादोन पट उंच म्हणजे पायाशी पाचपट जोर आणि माथ्याशी सुमारे सव्वीसपट विचलन. सांगाडा त्या मानाने ताठ करावा लागतो, म्हणून वरच्या प्रत्येक मजल्याचा खर्च खालच्यापेक्षा जास्त पडतो.

पण उंच इमारतींच्या अभियंत्यांची झोप उडवणारा जोर हा नव्हे. वारा उत्तरेकडून येत असेल, तर सडपातळ मनोरा सर्वांत जास्त हलतो तो पूर्व-पश्चिम! वाऱ्याच्या दिशेला काटकोनात.

कारण असं. वारा इमारतीच्या दोन्ही अंगांनी वळून मागे जातो, पण कोपऱ्यांपाशी तो भिंतीला चिकटून राहू शकत नाही. तो सुटतो आणि मागच्या बाजूला गोल फिरू लागतो. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंचे भोवरे एकाच वेळी सुटत नाहीत. आधी डावीकडचा, मग उजवीकडचा, पुन्हा डावीकडचा. ज्या बाजूला भोवरा तयार होतो तिथे दाब कमी होतो आणि इमारत त्या बाजूला ओढली जाते. पुढच्या क्षणी दुसऱ्या बाजूला. या भोवऱ्यांच्या दुहेरी रांगेचं गणित थिओडोर फॉन कार्मन यांनी १९११-१२ च्या सुमारास मांडलं, म्हणून तिला कार्मन मालिका म्हणतात. विजेच्या तारा जोराच्या वाऱ्यात गुणगुणतात तो आवाज याच भोवऱ्यांचा. चेक शास्त्रज्ञ व्हिन्सेन्झ (चेनेक) स्ट्रोहाल यांनी १८७८ मध्ये अशाच ‘गाणाऱ्या’ तारांचा अभ्यास करून एक नियम शोधला: भोवरे सेकंदाला किती वेळा सुटतील हे वाऱ्याचा वेग भागिले अडथळ्याची रुंदी, गुणिले एक ठरावीक आकडा, यावर ठरतं. हा आकडा गोल तारेसाठी सुमारे ०.२ आणि चौकोनी इमारतीसाठी सुमारे ०.१२ असतो.

दुसरीकडे, प्रत्येक इमारतीची स्वतःची एक झुलण्याची लय असते. भोवऱ्यांची लय आणि इमारतीची लय जुळली, की झोक्याला बरोबर वेळेवर धक्का दिल्यासारखं होतं. धक्का छोटा, पण दर फेरीला हेलकावा वाढत जातो. त्यातही एक वाईट खोड आहे. मनोरा पुरेसा हलू लागला की तोच भोवऱ्यांना आपल्या तालावर सुटायला लावतो. मग वाऱ्याचा वेग थोडा कमी-जास्त झाला तरी जुळलेली लय सुटत नाही.

आता आकडे घालून बघू. इमारत एकदा झुलून परत यायला लागणारे सेकंद ढोबळमानाने उंचीला (मीटरमध्ये) ४६ ने भागून मिळतात. २५७ मीटरच्या, म्हणजे डेव्हनएवढ्या इमारतीला साडेपाच-पावणेसहा सेकंद. ५८१ मीटरच्या मनोऱ्याला साडेबारा सेकंद. हिशेबापुरती दोन्हींची रुंदी ४० मीटर धरू आणि आकार चौकोनी. लय जुळण्यासाठी लागणारा वाऱ्याचा वेग म्हणजे रुंदी भागिले (सेकंद गुणिले ०.१२). पहिल्या इमारतीसाठी उत्तर येतं सेकंदाला सुमारे ६० मीटर, म्हणजे ताशी २१५ किलोमीटर. इतका वारा तिथे फारच विरळा. दुसऱ्यासाठी येतं सेकंदाला २६ मीटर, म्हणजे ताशी ९५ किलोमीटर. आणि ५८० मीटर उंचीवर ताशी ९५ चा वारा असतो तेव्हा खाली मोकळ्या मैदानात तो साधारण ५० चा असतो. ओक्लाहोमात वसंतातल्या एखाद्या दुपारी ५० चा वारा सुटला, तर कुणी त्याची बातमीही करत नाही.

उंची वाढवली की धोक्याचा वेग खाली येतो आणि त्याच वेळी माथ्यावरचा नेहमीचा वारा वर जातो. दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात, आणि या मनोऱ्याच्या उंचीवर तो छेदनबिंदू केव्हाच ओलांडलेला असतो. हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी बराच वेळ त्या आलेखाकडे बघत बसलो होतो.

यात इमारत पडत नाही, हे ठळकपणे सांगायला हवं. त्रास होतो माणसांना. गुरुत्वीय त्वरणाच्या हजारात पाच भाग एवढी हालचाल संवेदनशील माणसाला जाणवू लागते. राहत्या इमारतींत दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या वादळात ही हालचाल हजारात दहा-पंधरा भागांच्या आत ठेवावी असा संकेत आहे. कचेऱ्यांना वीस-पंचवीसपर्यंत सूट मिळते, कारण तिथून माणूस घरी जाऊ शकतो. त्याहून जास्त झालं की बाथरूममधल्या बादलीतलं पाणी हिंदकळतं, टांगलेले दिवे झुलतात, भिंतींच्या सांध्यांतून करकर ऐकू येते आणि काही जणांना चक्क मळमळतं.

उपाय आहेत, आणि तेही तितकेच देखणे. पहिला म्हणजे भोवऱ्यांची कवायत मोडणं. आपल्याकडच्या एमआयडीसीत पोलादी धुरांड्यांच्या वरच्या भागाला गुंडाळलेली सर्पिल पट्टी तुम्ही पाहिली असेल. ती शोभेची नसते. तिच्यामुळे प्रत्येक उंचीवर वारा वेगळ्या जागी सुटतो आणि भोवऱ्यांचा एकोपा होत नाही. ८२८ मीटरच्या बुर्ज खलिफाने तेच मोठ्या प्रमाणावर केलं. ती इमारत वर जाताना सर्पिल क्रमाने अरुंद होत जाते, म्हणून दर टप्प्यावर रुंदी वेगळी आणि भोवऱ्यांची लयही वेगळी. म्हणूनच तिला हेलकावे शमवणारं झुलतं वजन टांगावं लागलं नाही. ६३२ मीटरच्या शांघाय टॉवरला १२० अंशांचा पीळ दिला आहे.

दुसरा उपाय म्हणजे तेच झुलतं वजन. तैपेई १०१ मध्ये ८७ ते ९२ या मजल्यांच्या दरम्यान ६६० टनांचा, साडेपाच मीटर व्यासाचा पोलादी गोळा दोरांनी टांगलेला आहे. पोलादाचे ४१ थर एकमेकांवर जोडून तो तिथेच वर तयार केला. इमारत डावीकडे जाते तेव्हा गोळा मागे राहतो आणि खालचे तेलाचे दट्टे ती ऊर्जा उष्णतेत घालवतात. ऑगस्ट २०१५ च्या सौदेलोर वादळात हा गोळा एक मीटर सरकला होता. इतक्या वजनासाठी आणि त्याच्या हालचालीसाठी सर्वांत वरचे, सर्वांत महाग विकता आले असते असे मजले सोडून द्यावे लागतात.

लिफ्टचं थोडक्यात सांगतो. पोलादी दोराची लिफ्ट एका दमात साधारण ५०० मीटरच्या पुढे जाऊ शकत नाही, कारण दोराला स्वतःचंच वजन पेलवत नाही. त्यामुळे मध्ये उतरून लिफ्ट बदलायची किंवा कार्बन तंतूचे महागडे पट्टे वापरायचे. शिवाय वरच्यांसाठीच्या लिफ्टची विहीर खालच्या प्रत्येक मजल्यातून जाते आणि तिथली जागा खाते.

हा सगळा खर्च जिथे जमीनच मिळत नाही तिथे परवडतो. मॅनहॅटन हे बेट आहे, हाँगकाँगच्या मागे डोंगर आहेत. ब्रिकटाउनमधला तो भूखंड म्हणजे वाहनतळ होता. मध्यवस्तीत सपाट, मोकळी जागा गाड्या लावायला वापरता येते त्या शहराला ५८१ मीटर वर जाण्याची भौतिक गरज नाही. उरतं ते प्रतीक.

प्रतीकाचं महत्त्व मी नाकारत नाही. शहराला आपला चेहरा असावा असं वाटणं अगदी मानवी आहे. पण ओक्लाहोमा सिटीचं गेल्या तीस वर्षांतलं पुनरुज्जीवन बघा. डिसेंबर १९९३ मध्ये नागरिकांनी मतदानाने स्वतःवर डॉलरमागे एक सेंट विक्रीकर लावून घेतला. त्या पैशातून बेसबॉलचं मैदान झालं, ब्रिकटाउनचा कालवा झाला, ग्रंथालय झालं. नंतरच्या एका टप्प्यात ट्राम आणि सिझरटेल पार्क आलं. डेव्हन मनोऱ्यामुळेही शहराला फायदा झाला, पण तो मुख्यतः जमिनीवर: त्यातून मिळणाऱ्या वाढीव करउत्पन्नावर मध्यवस्तीतले रस्ते, पदपथ आणि मिरियड उद्यान नव्याने घडवता आलं. लोक तिथे चालू लागले ते या कामांमुळे.

उंच इमारत झाली की मंदी येते, असा ‘गगनचुंबी शाप’ही काही जण मांडतात. एम्पायर स्टेट १९३१ ची, बुर्ज २०१० ची, वगैरे. अर्थतज्ज्ञ जेसन बार आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हा दावा आकडेवारीवर तपासला. उंचीवरून मंदीचं भाकीत करता येत नाही असंच दिसलं. सोयीच्या तारखा निवडून कुंडलीही जुळते. खरा धोका साधा आहे: पैसे मध्येच आटणं. शिकागोत २००० फुटांच्या ‘स्पायर’चं काम २००७ मध्ये सुरू झालं, पुढच्याच वर्षी थांबलं आणि नदीकाठी ७६ फूट खोल गोल खड्डा वर्षानुवर्षं तसाच राहिला.

म्हणून ओक्लाहोमा सिटीने मनोरा हवाच असेल तर २५०-३०० मीटरचा बांधावा असं माझं मत आहे. त्या उंचीला भोवऱ्यांच्या लयीचा धोक्याचा वेग रोजच्या वाऱ्याच्या बराच वर राहतो, झुलत्या वजनाचा खर्च टळू शकतो, आणि त्या सपाट मुलखात अशी इमारतही कित्येक मैलांवरून दिसते.

उंची काहीही ठरो, एक गोष्ट नगर परिषदेने विकासकाकडून आधी मागून घ्यावी: पवनबोगद्यातल्या (बंदिस्त बोगद्यात प्रतिकृतीवर वारा सोडून केलेल्या) चाचणीचा अहवाल, आणि तोही फक्त माथ्याचा नव्हे, पदपथाचा. रुंद, सरळ भिंतीवर आदळलेला वारा साधारण दोन-तृतीयांश उंचीवर दुभंगतो. वरचा माथ्यावरून निघून जातो आणि खालचा भिंतीवरून थेट रस्त्यावर उतरतो, कोपऱ्यांशी तर आणखी वेगाने. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात अवघ्या ११२ मीटरच्या ब्रिजवॉटर प्लेसपाशी मार्च २०११ मध्ये अशाच झोताने एक लॉरी उलटली आणि तिच्याखाली पादचाऱ्याचा जीव गेला. पुढे तिथे रस्त्यावर वारा फोडणारे मोठे अडसर बसवावे लागले. लंडनच्या सिटी भागाने २०१९ मध्ये उंच इमारतींसाठी पदपथावरच्या वाऱ्याचे नियमच जाहीर केले: बसण्याच्या जागी किती वेग चालेल, उभं राहण्याच्या जागी किती, चालण्याच्या किती. ब्रिकटाउनच्या कालव्याकाठी लोक बाहेर बसून जेवतात. तिथल्या टेबलांवर वारा किती वेगाचा येईल, हा आकडा आराखड्यात पहिल्या पानावर असायला हवा.