परवडणारी स्पार्कलिंग वाइन : एकाच ग्लासची चव दोनदा घ्या
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आपल्याच देशात तयार झालेली, कमी किमतीची स्पार्कलिंग (बुडबुड्यांची) वाइन खरंच चांगली असते का, असं ग्राहक आम्हाला नेहमी विचारतात. असते, आणि पुष्कळदा अपेक्षेपेक्षा बरीच चांगली असते. फक्त तिची शॅम्पेनशी तुलना करत बसू नका. साधी शॅम्पेनसुद्धा बाटलीत भरल्यापासून किमान 15 महिने तळघरात ठेवावी लागते, त्यातले 12 महिने आंबवण करणाऱ्या यीस्टच्या, बाटलीतच साचलेल्या गाळावर. भाजलेल्या पावासारखा, सुक्यामेव्यासारखा वास तिथून येतो आणि किंमतही तिथूनच वाढते.

परवडणाऱ्या बाटल्यांपैकी बऱ्याच टाकी पद्धतीच्या असतात. पहिल्या आंबवणात द्राक्षरसाची साधी वाइन बनते; बुडबुडे आणणारं दुसरं आंबवण इथे बाटलीत न होता स्टीलच्या बंद टाकीत, दाबाखाली होतं. फेदेरिको मार्तिनोत्ती या इटालियन तज्ज्ञाने 1895 मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि 1907 मध्ये फ्रान्सच्या युजीन शारमा यांनी ती सुधारली. प्रोसेको ही इटलीची स्पार्कलिंग वाइन बहुतेक आजही अशीच बनते. त्यामुळे टाकीतल्या वाइनला कमी दर्जाची समजू नका. तिच्यात फळाचा ताजेपणा शोधायचा : हिरवं सफरचंद, नासपती, लिंबाची साल. हा ताजेपणा टिकाऊ नसतो, म्हणून अशी बाटली वर्ष-दोन वर्षांत संपवावी. पारदर्शक काचेची बाटली असेल तर उजेडापासून विशेष जपा. प्रकाशाने बिघडलेल्या वाइनला उकडलेल्या कोबीसारखा वास येतो.

लेबलवर गोडवा सांगणारा शब्द आवर्जून बघा. ब्रूट म्हणजे लिटरमागे 12 ग्रॅमपर्यंत साखर. एक्स्ट्रा ड्राय 12 ते 17 ग्रॅम, म्हणजे ब्रूटहून गोड. डेमी-सेक 32 ते 50 ग्रॅम. हे आकडे युरोपीय नियमांतले आहेत. इतर देशांतले बरेच उत्पादकही हेच शब्द वापरतात. पहिल्यांदा घेत असाल तर ब्रूट घ्या, असं आम्ही सुचवतो. साखर कमी असली की वाइनला काही लपवता येत नाही.

बाटली उघडताना

बाटली फ्रिजमध्ये किमान तीन तास ठेवा. घाई असेल तर बर्फ आणि पाणी घातलेल्या बादलीत अर्धा तास पुरतो. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाच्या पाण्यात ती लवकर गार होते. आतला दाब 5-6 बारपर्यंत असू शकतो, मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या दुपटीहून जास्त. म्हणून तारेची जाळी सैल केल्यापासून बूच निघेपर्यंत अंगठा बुचावरून हलवू नका आणि बाटलीचं तोंड माणसांपासून दूर धरा. बाटली तिरकी धरून बूच घट्ट पकडा आणि बाटली हळूहळू फिरवा. बूच हलकेच फुस्स करून निघायला हवं. मोठा आवाज झाला तर गॅस फुकट जातो आणि वाइनही सांडते.

ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा असावा. फ्लूट नावाच्या उंच, अरुंद ग्लासमध्ये बुडबुडे छान दिसतात, पण नाकाला वास पोचत नाही. ग्लासात साबणाचा अंश राहिला असेल तर उत्तम वाइनचा फेसही मरतो. उलट, कापडाने पुसताना आत राहिलेल्या बारीक तंतूंमुळे बुडबुडे वाढतात. तेव्हा डोळ्यांना दिसणाऱ्या बुडबुड्यांवरून वाइनची परीक्षा करू नका. ती जिभेवर करा. चांगला फेस तोंडात मऊ लागतो आणि घोट गिळेपर्यंत टिकतो. वरून नुसता गॅस भरलेल्या वाइनचा फेस बहुधा जिभेला टोचतो आणि लगेच विरतो.

दोनदा का?

पहिला घोट 6 ते 8 अंश सेल्सियसला घ्या. या थंडाव्यात आंबटपणा आणि फेस पुढे असतो, वास मागे राहतो, गोडवाही दबतो. जवळजवळ कुठलीही स्पार्कलिंग वाइन इतकी गार असताना बरी लागते. मग थोडी वाइन ग्लासात तशीच राहू द्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी, थंडावा उतरल्यावर, पुन्हा चाखा. खरा निकाल इथे लागतो. साखर घालून उणिवा झाकलेल्या असतील तर आता वाइन चिकट, सरबतासारखी वाटते. जुनी झाली असेल तर कापून ठेवलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास येतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर दोष बुचाचा. अशी बाटली आमच्याकडे परत आणा, आम्ही बदलून देऊ. आणि गॅस कमी झाल्यावरही फळाची चव शाबूत असेल, आंबटपणाने तोंडाला पाणी सुटत असेल, गिळल्यावर चव थोडी रेंगाळत असेल, तर बाटली बिनधास्त पुन्हा घ्या, किंमत काहीही असो.

एका वेळी दोन-तीन बाटल्या चाखणार असाल तर घोट थुंकायला भांडं जवळ ठेवा. टेस्टिंगमध्ये त्यात काही गैर मानत नाहीत. या वाइनमध्ये साधारण 11 ते 12.5 टक्के अल्कोहोल असतं, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याने एकही घोट गिळू नये.

उरलेल्या वाइनच्या बाटलीत चमचा उलटा टांगला तर गॅस टिकतो असं सांगतात. तसं काही होत नाही. स्पार्कलिंगसाठी मिळणारं, तोंडाला पकडून बसणारं झाकण लावा आणि बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा. दुसऱ्या दिवशीपर्यंत ती चांगली राहते. दुसऱ्या घोटाला काय जाणवलं ते दोन शब्दांत लेबलच्या फोटोसोबत टिपून ठेवा. पुढची बाटली निवडून देताना आम्ही तुम्हाला तेच विचारू.