सैनिकी पिठ्ठू, युद्धकालीन : शिक्क्यांवरून ओळख आणि संग्रह

मोहिमेवरचा सैनिक आपला शिधा, कपडे, जेवणाचा डबा आणि पांघरूण ज्या पिशवीत घालून पाठीवर वागवतो, तिला भारतीय सैन्यात पिठ्ठू म्हणतात. जुन्या युद्धांतले असे पिठ्ठू जमवणे आणि त्यांवरची अक्षरे वाचून ते कोणत्या देशाचे, कोणत्या सालचे व जमल्यास कोणाचे हे ठरवणे, ही लष्करी वस्तुसंग्रहाची एक शाखा आहे. तलवारी-पदकांइतका मान या वस्तूला नाही. मात्र एकाच पिठ्ठूवर तीन हातांची अक्षरे सापडू शकतात : कारखान्याची, सरकारी तपासनिसाची आणि पाठीवर तो वागवणाऱ्या सैनिकाची. ही तिन्ही एकाच वेळी उमटलेली नसतात. नवशिक्याची फसगत बहुधा ती एकत्र वाचल्याने होते.

ब्रिटिश साहित्य या छंदातले सर्वांत वाचनीय मानायला हरकत नाही. बोअर युद्धात चामड्याचा साज पाण्यापावसात टिकला नाही, तेव्हा १९०८ मध्ये जाड विणीच्या सुती पट्ट्यांचा, म्हणजे वेबिंगचा साज आला. तो मिल्स इक्विपमेंट कंपनीने घडवला. पहिल्या महायुद्धात मागणी विणकामाच्या आवाक्याबाहेर गेल्यावर १९१४ मध्ये पुन्हा चामड्याचा पर्यायी साज काढावा लागला. दुसऱ्या महायुद्धात १९३७ पॅटर्न, म्हणजे त्या सालच्या घडणीचा वेबिंगचा साज, सर्वत्र पसरला. यातला छोटा पॅक पाठीवर असे, तर ओव्हरकोट वगैरे ठेवायचा मोठा पॅक १९०८ च्याच घडणीचा राहिला आणि बरेचदा गाडीतून जाई.

असा एखादा छोटा पॅक उलगडून पाहावा. बाहेरून तो हिरवट, खडबडीत आणि हाताला पिठूळ लागतो. हा ब्लँकोचा थर. वेबिंगला रंग व टापटीप यावी म्हणून सैनिक ही भुकटी ओली करून ब्रशने चोळत आणि तिची पुटे एकावर एक चढत. त्याखाली शिक्का असलाच तर दिसत नाही. झाकण उचलून आतली बाजू पाहिली की काळ्या शाईत एम. ई. कं. (मिल्स इक्विपमेंट कंपनी), १९४१ अशी अक्षरे भेटतात. शेजारी तीन रेघांचा बाण असतो. हा ‘ब्रॉड ॲरो’ ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची जुनी खूण आहे. बाण सी अक्षराच्या पोटात असेल तर माल कॅनडाचा, दोन डींच्या मध्ये असेल तर ऑस्ट्रेलियाचा, यूमध्ये असेल तर दक्षिण आफ्रिकेचा आणि सोबत आय असेल तर भारतात बनलेला. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील तर वस्तू सरकारी खात्यातून रीतसर विकून टाकलेली आहे. ही खूण पाहून काहींचा उत्साह मावळतो. खरे तर ती वस्तूच्या प्रवासाची उत्तम नोंद आहे.

झाकणाच्या आत किंवा पट्ट्यावर अनेकदा सैनिकाचा हाताने रंगवलेला सेवा क्रमांक असतो, आणि एक क्रमांक खोडून दुसरा घातलेलाही आढळतो. १९२० पासून ब्रिटिश सैन्याने क्रमांकांच्या मालिका पलटणींना वाटून दिल्या होत्या. उदाहरणार्थ, ७२१००१ ते १८४२००० ही मालिका रॉयल आर्टिलरीची (तोफखान्याची) आणि १८४२००१ ते २३०३००० ही रॉयल इंजिनिअर्सची. त्यामुळे नाव पुसले गेले तरी नुसत्या आकड्यावरून माणूस कुठे भरती झाला हे कळते. १४ ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक दिसला तर भरती बहुधा १९४२ किंवा त्यानंतरची, जनरल सर्व्हिस कोअर या नव्या भरतींना आधी घेणाऱ्या दलामधून झालेली. बदलीनंतरही क्रमांक तोच राहत असल्याने शेवटची पलटण मात्र यावरून ठरत नाही.

अमेरिकन पिठ्ठू ओळखायला सोपे वाटतात, कारण झाकणावर यू.एस. ही अक्षरे ठळक छापलेली असतात. १९१०, १९२८ आणि १९४४-४५ ही त्यांची मुख्य रूपे. कारखान्याचे नाव व साल आत असते. सुरुवातीचा रंग पिवळसर खाकी असून १९४३ पासून गडद हिरवा येऊ लागला. कापडाचा रंग एक आणि काठांवरच्या पट्टीचा दुसरा असे संक्रमणाच्या काळातले नमुने संग्राहक मुद्दाम शोधतात. काहींवर ‘ब्रिटिश मेड’ असे लिहिलेले दिसते आणि घेणारा बुचकळ्यात पडतो. हे अमेरिकन सैन्यासाठी ब्रिटनमध्ये शिवून घेतलेले साहित्य असते.

टॉर्निस्टर या जर्मन पिठ्ठूच्या झाकणावर गुराचे केसाळ कातडे असे. त्यावरून सैनिकांनी त्याला ‘आफे’, म्हणजे माकड, असे नाव ठेवले. १९३४ आणि १९३९ हे त्याचे परिचित नमुने. आधीच्या मालावर कारखानदाराचे नाव, गाव आणि साल सरळ लिहिलेले असते. युद्धाच्या उत्तरार्धात कारखाने उघड होऊ नयेत म्हणून त्या जागी आरबी-नंबर नावाचा सांकेतिक आकडा आला. याच कुळातला, केसाळ कातड्याचाच स्विस पिठ्ठू बाजारात सर्रास ‘जर्मन’ म्हणून खपवला जातो. त्याच्यावरचा स्विस क्रॉस चामड्यावर बारीक उमटवलेला असतो आणि तो शोधला की प्रश्न मिटतो.

जपानी पिशव्यांवरचे साल बहुधा सम्राटाच्या कारकिर्दीचे असते. शोवा, म्हणजे सम्राट हिरोहितोच्या कारकिर्दीच्या, वर्षात १९२५ मिळवले की इसवी सन मिळते, म्हणजे शोवा १६ हे १९४१. सोव्हिएत ‘सिदोर’ ही तोंडाशी पट्ट्याची गाठ मारायची साधी थैली. तिची घडण युद्धानंतरही फारशी बदलली नाही, म्हणून साल छापलेले नसेल तर तिला युद्धकालीन म्हणू नये.

छापलेले साल पिठ्ठू बनल्याचे असते, वापरल्याचे नव्हे. १९१८ चा अमेरिकन पॅक १९४२ मध्ये फिलिपीन्समध्ये असू शकतो आणि १९४५ चा कोरियाच्या युद्धात. ३७ पॅटर्न तर युद्ध संपल्यावरही अनेक देशांत शिवला जात होता. त्यावर एबीएल ही बेल्जियन सैन्याची आद्याक्षरे असतील तर तो बेल्जियन.

खोटेपणा पकडण्यासाठी भिंग पुरते. जुनी शाई सुताबरोबर झिजते. विणीच्या उंच धाग्यांवरून ती उडालेली आणि खाचांत टिकलेली दिसते. फाटक्या, विटलेल्या जागेवरूनही अक्षरे अखंड जात असतील तर शिक्का नंतरचा आहे. दोरा कृत्रिम धाग्याचा आहे का हे सुटलेले टोक पेटवून कळते. कापूस कागदासारखा जळून राख होतो, नायलॉन वितळून त्याची गोळी बनते. अतिनील दिव्याखाली निळसर चमकणारे कापडही संशयास्पद, कारण ही चमक आधुनिक उजळक रसायनांची असते. मात्र हा पुरावा एकट्याने मानू नये. अस्सल पिठ्ठू कुणीतरी पुढे आधुनिक साबणाच्या पावडरीत धुतला असला तरी तो चमकतोच. ऐतिहासिक प्रसंग उभे करणाऱ्या हौशी मंडळींसाठी शिवलेल्या नकला मुळात उघडपणे विकल्या जातात. चार हात फिरल्यावर त्यांचे लेबल गळून पडते आणि त्या ‘जुन्या’ होतात.

धुणे हाच या संग्रहातला सर्वांत मोठा शत्रू. ब्लँको खरवडला की त्याखालचा क्रमांकही जातो. धूळ मऊ ब्रशने झाडून कोरड्या, सावलीच्या जागी ठेवणे पुरे. चामड्याला तेल पाजण्याचा मोह आवरावा, कारण ते शाई पसरवते आणि शेजारच्या कापडावर डाग पाडते.

अमेरिकन पिठ्ठूवर पूर्ण नाव नसले तरी आडनावाचे पहिले अक्षर आणि सेवा क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहिलेले असत. ही धोब्याकडचे कपडे ओळखण्याची खूण. एकाच खुणेचे अनेक सैनिक असू शकतात, म्हणून तिच्यावरून एकदम नाव जाहीर करणे धाडसाचे. सुमारे ९० लाख भरतींची संगणकीय यादी अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाहता येते. पण उमेदवार सापडला तरी त्याची सेवापुस्तिका मिळेलच असे नाही : १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस येथील अभिलेख केंद्राला आग लागली आणि १९१२ ते १९६० दरम्यान भूदलातून सुटलेल्यांच्या सुमारे ८० टक्के फायली तिच्यात गेल्या.