गूगल मॅप्सचा रस्ता वेगळा, जीपीएक्स ट्रॅक वेगळा

‘अंजनेरी गडाचा ट्रॅक टाका ना’ असं नाशिकच्या कुठल्याही भटक्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, की उत्तरादाखल हमखास गूगल मॅप्सची पिन येते, नाहीतर नकाशाचा स्क्रीनशॉट. क्वचित एखादी जीपीएक्स फाइल, म्हणजे वाटेचे बिंदू साठवलेली फाइल, येते, आणि मग ‘हे गूगल मॅप्समध्ये उघडत नाही’ अशी तक्रार येते. पिन म्हणजे नुसता एक ठिपका, तिला वाट नसते. स्क्रीनशॉट तर पाठवूच नये, त्यात आपण कुठे उभे आहोत तेच दिसत नाही.

गूगल मॅप्स सगळ्यांच्या हाताखालचं आहे. गोदा पार्क, सोमेश्वर, पंचवटीतल्या गल्ल्या, पांडवलेण्यांचा पायथा, एवढ्यासाठी दुसरं काही लागत नाही. एकच गोष्ट ध्यानात ठेवा: गूगलचा नकाशा डाउनलोड करून ठेवला, तरी नेट नसताना तो गाडीचाच रस्ता सांगतो, पायी जायचा नाही. आणि रेंज गेली म्हणून जीपीएस जात नाही. ते उपग्रहावरून येतं, फोन फ्लाइट मोडवर टाकला तरी चालतं, वर रेंज शोधण्यात जाणारी बॅटरीही वाचते.

आता खरा घोळ. गूगल जी निळी रेघ दाखवतं, ती हिशेबाने काढलेली असते. त्याला माहीत असलेल्या रस्त्यांवरून तुमच्या ठिकाणापर्यंतची वाट ते जुळवतं आणि तुम्ही चुकलात तर नव्याने जुळवतं. जीपीएक्स ट्रॅक कुणी जुळवलेला नसतो. कुणीतरी चालत असताना त्याच्या फोनने दर काही सेकंदांनी एक बिंदू टिपला: अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ. त्या बिंदूंची माळ म्हणजे ट्रॅक. त्याला तुम्हाला कुठे जायचंय ते ठाऊक नसतं. तो माणूस कारवीच्या झुडपांत वाट चुकून वीस मिनिटं भरकटला असेल, तर ते भरकटणंही तितक्याच ठळक रेघेत उमटतं. म्हणून ट्रॅक आधी घरी बसून वाचायचा असतो, मगच त्यावरून चालायचं.

वाचायचा म्हणजे काय? फाइल ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड या ॲपमध्ये उघडा. दोन्हींचे नकाशे ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरचे आहेत आणि नेटशिवाय चालतात. नवख्याने ऑर्गॅनिक मॅप्सच घ्यावं, ते सुटसुटीत आहे. वेग आणि उंचीचा आलेख नीट तपासायचा असेल तर ऑसमअँड. महाराष्ट्राचा नकाशा घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवा.

मग रेघ मोठी करून बघा. वळणावळणाने जाणारी रेघ मध्येच पट्टी ठेवून ओढल्यासारखी सरळ झाली, तर तिथे नोंद तुटलेली आहे. बॅटरी वाचवण्यासाठी फोनने नोंद करणारं ॲप बंद पाडलं, पुढे ते पुन्हा सुरू झालं आणि मधली दोन टोकं सरळ जोडली गेली. अशी रेघ खुशाल कड्यावरून जाते. तिच्यावरून चालायला जाऊ नका. स्वतः नोंद करताना हे टाळायचं असेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढून टाका.

एकाच जागी रेघेचा गुंता दिसला, तर तिथे लोक बसले होते. बसल्या जागीही बिंदू इकडेतिकडे सरकत राहतात आणि किलोमीटर फुगतात. हरिहर गडाच्या कातळकोरीव पायऱ्यांपाशी गुंता दिसतो त्याचं कारण वेगळं: कातळावर आपटून सिग्नल वाकडा येतो. मोकळ्या आभाळाखालीही मोबाइलचं जीपीएस साधारण ५ मीटर इकडेतिकडे असतं. पठारावर त्याने काही बिघडत नाही, कड्याच्या काठावर मात्र तिथे डोळ्यांवरच भिस्त ठेवायची.

अंजनेरीचा ट्रॅक ५० किलोमीटरचा दिसला तर घाबरू नका. नाशिकहून निघतानाच नोंद सुरू केली आणि घरी येऊन बंद केली, तर त्यातले चाळीसेक किलोमीटर त्र्यंबक रोडवरच्या गाडीचे असतात. वेगाच्या आलेखात ते लगेच कळतं.

वेळेच्या नोंदीकडे तर कुणी बघतच नाही, आणि सगळ्यात उपयोगाची तीच. जीपीएक्समधली वेळ भारतीय नसते, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे. ०१:४० दिसलं तर तो माणूस सकाळी ७:१० ला तिथे होता. तारीखही बघा. मे महिन्यातली वाट जुलैत गवताखाली गेलेली असते आणि तेव्हाचा कोरडा ओहळ आता वाहता असतो. ब्रह्मगिरी, अंजनेरीवर पावसाळ्यात धुकं उतरतं, तेव्हा मे महिन्याचा ट्रॅक दिशा दाखवेल, पाऊलवाट दाखवेलच असं नाही.

फाइलमध्ये वेळेची नोंदच नसेल तर? मग ती वाट चालून टिपलेली नसून घरी बसून बोटाने आखलेली असू शकते. काही संकेतस्थळं वेळ काढूनही टाकतात, तेव्हा रेघेचा पोत बघा. पायांची रेघ बारीक थरथरती असते, बोटाची रेघ लांब सरळ तुकड्यांची आणि टोकदार कोपऱ्यांची. आखलेली वाट वाईट नसते, पण तिच्यावरून अजून कुणी गेलेलं नाही हे समजून निघावं.

चालताना रेघेपासून सरकलात तर गूगलसारखं कुणी नवी वाट जुळवून देणार नाही. आडवं कापून रेघ गाठायला जाऊ नका, आल्या वाटेने मागे फिरा आणि जिथून सुटलात तिथे या. खाली उतरल्यावर तुमचा ट्रॅक ग्रुपवर टाकायचा असेल, तर आधी गाडीचा भाग कापा आणि फाइलच्या नावात पायथ्याचं गाव आणि महिना लिहा: ‘रामशेज-आशेवाडी-ऑगस्ट’. चुकलेला फाटा कापता आला नाही, तर निदान तो कुठे आहे ते सोबतच्या ओळीत सांगा.