नेट अडकतंय? प्लॅन वाढवण्याआधी अपलोड तपासा

"नेट अडकतंय, मोठा प्लॅन द्या," असा फोन आला की आम्ही आधी एकच विचारतो: घरात कुणाच्या मोबाइलवरून काही अपलोड होतंय का?

एका ग्राहकांकडे हेच झालं. प्लॅन डाउनलोडला १०० एमबीपीएस, अपलोडला १०. लाइनमध्ये दोष नाही, तरी वहिनींची ऑफिसची मीटिंग सारखी तुटत होती. पिंग, म्हणजे छोटा संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, लावून पाहिला. एरवी ८ मिलिसेकंद असणारा आकडा ७०० च्या वर गेला होता. आतल्या खोलीत मुलाचा फोन चार्जिंगला लावलेला, आणि त्यातून लग्नाचे व्हिडिओ गूगल फोटोजवर चढत होते. बॅकअप थांबवला, पिंग लगेच खाली आला.

असं का होतं? अपलोडची वाट अरुंद. २ जीबीचा एक व्हिडिओ १० एमबीपीएसने चढायला जवळजवळ २७ मिनिटं घेतो. तेवढा वेळ राउटर किंवा त्यापुढचा मोडेम जादाचा डेटा रांगेत उभा करतो. ती रांग १ एमबीची झाली तरी ओसरायला ८०० मिलिसेकंद लागतात, आणि मीटिंगमधला तुमचा आवाज त्याच रांगेत शेवटी उभा असतो. डाउनलोडलाही याचा फटका बसतो. आलेल्या डेटाची पोच परत पाठवावी लागते, ती जाते अपलोडच्याच वाटेने. पोच उशिरा गेली की पाठवणारा सर्व्हर हात आखडता घेतो.

म्हणून गूगल फोटोज आणि व्हॉट्सॲपचे मोठे बॅकअप रात्री होऊ द्या. विंडोजमध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' नावाची सेटिंग आहे. तुमचा कॉम्प्युटर इतरांना अपडेट पुरवत असेल तर ते तिथे बंद करता येतं. क्लाउडवर रेकॉर्डिंग पाठवणारा सीसीटीव्ही मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तो दिवसभर अपलोड खातो, त्याची क्वालिटी एक पायरी कमी करून पाहा.

खरा उपाय राउटरमध्येच आहे. त्याच्या सेटिंगमध्ये क्यूओएस, बँडविड्थ कंट्रोल किंवा एसक्यूएम (तिन्ही डेटाच्या रांगेला शिस्त लावणारे) असा पर्याय दिसला तर अपलोडची मर्यादा खऱ्या स्पीडपेक्षा थोडी कमी ठेवा: १० असेल तर ९. स्पीड टेस्टमध्ये आकडा जरा कमी दिसेल, घाबरू नका. मर्यादा घातली की रांगेचा ताबा तुमच्या राउटरकडे येतो. त्यात 'एफक्यू-कोडेल' ही पद्धत असेल तर फारच उत्तम. ती प्रत्येक कामाची रांग वेगळी करते, त्यामुळे व्हिडिओ चढत असतानाही फोनवरचं बोलणं पुढे सरकतं. स्वस्तातल्या राउटरला मोठ्या प्लॅनवर हे काम झेपत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

एवढं करूनही अडकत असेल तर प्लॅन जरूर बदला, पण घेताना आम्हाला अपलोडचा आकडा विचारा. नुसतं डाउनलोड १०० चं २०० करून वहिनींची मीटिंग सुधारली नसती. सेटिंग स्वतःला जमत नसेल तर बिलाला येणाऱ्या आमच्या मुलाला सांगा, तो तुमच्यासमोर पिंग लावून करून देईल.